चांदीच्या धार्मिक वस्तूंची साठवण व मांडणी

मूर्ती, मुकुट, प्रभावळ, दिवे, धूपपात्रे, चषक, अस्थिमंजूषा, धर्मग्रंथांची वेष्टने अशा उपासनेतल्या चांदीच्या वस्तू काळ्या पडू न देता जपून ठेवण्याची आणि दर्शनासाठी किंवा प्रदर्शनात मांडण्याची पद्धत. काळी पडलेली चांदी पुसली की उजळते, त्यामुळे पॉलिशची डबी हाताशी असली की काम भागते असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. काळा थर ही वर बसलेली धूळ नसते. वस्तूचीच चांदी बदलून तो तयार झालेला असतो, आणि घासून काढला की तेवढी चांदी कायमची जाते. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या मूर्तीचे नाक-डोळे बोथट होतात, कोरलेले दात्याचे नाव वाचेनासे होते, ठोकून उठवलेल्या पातळ पत्र्याला नेमके उंचवट्यावर भोक पडते आणि मुलाम्याच्या वस्तूंतून खालचे तांबे डोकावू लागते. म्हणूनच जतनतज्ज्ञ चांदी उजळण्यात कमी आणि ती काळी पडू न देण्यात जास्त वेळ घालवतात.

काळेपणाचे कारण

चांदी गंजते असे आपण सहज म्हणून जातो, पण लोखंडाच्या गंजाचा हिशेब इथे लागू पडत नाही. कोरड्या, स्वच्छ हवेत साध्या तापमानाला चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही. तिचे वाकडे आहे ते गंधकाशी. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बोनिल सल्फाइड या वायूंमधले गंधक चांदीशी संयोग पावते आणि सिल्व्हर सल्फाइड हे काळे संयुग बनते. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास देणारा वायू. मात्र वास येईपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण अब्जात एक भागाहून कमी प्रमाणातही तो आपले काम करत असतो.

थर लगेच काळा दिसत नाही. आधी फिकट पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग जांभळा-निळा रंग, आणि शेवटी काळा. मधले रंग पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखेच, अतिशय पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे दिसतात. पिवळी झाक ही इशाऱ्याची वेळ असते. या टप्प्यावर मऊ कापडाच्या हलक्या हाताने काम होते. काळा थर जमल्यावर घासावेच लागते.

शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तिच्यात बहुधा तांबे मिसळतात. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले मुख्यतः तांबे असते. तांब्यालाही गंधक लागते, त्यामुळे मिश्रचांदी शुद्ध चांदीपेक्षा लवकर डागाळते. जर्मेनियम मिसळलेल्या अलीकडच्या मिश्रधातूंत हा वेग बराच कमी असतो. जर्मन सिल्व्हर या नावाच्या धातूत तर चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण आहे, आणि ही नोंद त्याच्यासाठी नाही.

गंधकाखालोखाल त्रास मिठाचा. घाम, समुद्राची खारी हवा आणि नैवेद्यातले मीठ यांतल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड तयार होते. उघड्या हातांनी धरलेल्या चषकावर काही आठवड्यांनी बोटांचे ठसे स्पष्ट उमटतात, आणि पुष्कळदा ते पृष्ठभागात इतके रुजतात की साध्या पुसण्याने निघत नाहीत.

या दोन्ही क्रियांना वेग देते ती आर्द्रता. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की काळवंडण्याचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. निव्वळ चांदीच्या वस्तू ४० टक्क्यांच्या आत ठेवल्या तर उत्तम.

साठवण

चांदीचा शत्रू बहुतेक वेळा तिच्याच पेटीत बसलेला असतो. लोकरीच्या धाग्यातल्या प्रथिनात गंधक भरपूर असते, आणि जुन्या पेट्यांना आतून हटकून लोकरीचा नमदा किंवा तसलेच जाड कापड लावलेले आढळते, तेही प्राणिज सरसाने चिकटवलेले. दिसायला राजेशाही अशी ही पेटी घट्ट बंद केली की आत गंधकाची कोठी तयार होते. वस्तू उघड्या फळीवर ठेवली असती तर बरी राहिली असती, असे म्हणायची पाळी अशा वेळी येते.

रबर त्याहून वाईट. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधकच मिसळतात. कागदात आणि वर कापडात गुंडाळलेल्या वस्तूलाही रबर बँड लावला, तर महिन्या-दोन महिन्यांनी त्याची काळी रेघ आत चांदीवर उमटलेली सापडते. याच कारणाने चांदी हाताळताना लेटेक्सचे हातमोजे वापरत नाहीत. नायट्राइलचे किंवा स्वच्छ सुती वापरतात. वर्तमानपत्राचा कागद, पीव्हीसीच्या पिशव्या, रबरी फोम आणि खाद्यपदार्थांसाठीची ताणून बसवायची प्लॅस्टिक फिल्म हीदेखील टाळण्याच्याच यादीत येतात. रेशमात लोकरीपेक्षा गंधक कमी असले तरी ते पूर्ण निर्धोक मानत नाहीत.

चालते ते असे: आम्लविरहित टिश्यू कागद, खळ काढून नीट धुतलेले पांढरे सुती कापड, पॉलिएस्टर, आणि पॉलिथिनच्या झिपच्या पिशव्या. मूर्तीचे पसरलेले हात, छत्रीची टोके, साखळ्या यांच्यावर भार येऊ नये म्हणून पॉलिथिनच्या फोमात त्या आकाराचा खळगा कोरून वस्तू त्यात निजवतात. एकावर एक वस्तू रचणे हे ओरखड्यांचे सर्वांत नेहमीचे कारण आहे, गंधकाचा त्यात काही संबंध नसला तरी.

खास चांदीसाठी विणलेले संरक्षक कापडही मिळते. पॅसिफिक सिल्व्हरक्लॉथ हे त्यातले जुने नाव. त्याच्या धाग्यांत चांदीचे सूक्ष्म कण भरलेले असतात. हवेतले गंधक वस्तूपर्यंत पोचण्याआधी या कणांना धरते, म्हणजे वस्तूच्या वाट्याचे काळे पडणे कापड स्वतःवर घेते. वस्तू आधी टिश्यूत, मग या कापडात आणि शेवटी पॉलिथिनच्या पिशवीत अशी तिहेरी बांधणी केली, तर फार काळ हात लावावा लागत नाही. पिशवी बंद करण्यापूर्वी वस्तू पूर्ण कोरडी हवी, नाहीतर आपण ओलावाच कोंडून ठेवतो.

सिलिका जेलची पुडी टाकली की चांदी काळी पडत नाही, हे अर्धसत्य आहे. सिलिका जेल पाण्याची वाफ शोषते. गंधकाचे वायू धरण्यासाठी तिचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा, झिंक ऑक्साइडच्या गोळ्या किंवा पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले ॲल्युमिनाचे दाणे वापरतात. दोन्ही प्रकार बरोबर ठेवावेत आणि त्यांची क्षमता संपते हे ध्यानात ठेवून ठरावीक काळाने बदलावेत. खडूचा तुकडा ठेवण्याची जुनी युक्ती थोडाफार ओलावा टिपण्यापलीकडे जात नाही. कापराचेही तसेच: त्याला वास उत्तम असला तरी गंधक धरण्याचा गुण त्यात नाही. शिवाय सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकमध्ये त्यातले सेल्युलोज नायट्रेट मऊ करण्यासाठी कापूरच घालत असत. त्याच सेल्युलोज नायट्रेटच्या लॅकरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, हात दिलेल्या चांदीशेजारी कापूर ठेवणे शहाणपणाचे नाही.

मांडणी

काचेच्या कपाटाचा उपयोग दुहेरी आहे: धूळ आणि हात दूर राहतात, आणि आतली हवा हळूहळू बदलते. पण कपाट ज्या सामानाने बनते त्यातूनच वायू निघत असतील, तर बंदिस्तपणा उलटतो. रबरी गॅस्केट, रंग, सरस, अस्तराचे कापड, फळीचा भुसा जोडणारे रसायन, यांतले काहीही घातक असू शकते. जोड बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळून तटस्थ प्रकारचे घेतात, कारण त्या आम्लाची वाफ जोडकामातल्या शिशाला खाते. ओक लाकडाबद्दलही हीच तक्रार आहे.

सामान निर्धोक आहे की नाही हे ठरवण्यासाठी ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी आजही जगभर वापरतात. चांदी, तांबे आणि शिसे यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या, तपासायच्या वस्तूचा तुकडा आणि थोडे पाणी एका बंद भांड्यात ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवतात. शेजारी नुसत्या पट्ट्यांचे दुसरे भांडे असते. दोन्हींतला फरक पाहून निर्णय होतो. घाई असेल तर सोडियम अझाइड आणि आयोडीनचा थेंब कापडाच्या धाग्यावर टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. क्रियाशील गंधक असेल तर नायट्रोजनचे बुडबुडे उठतात. अझाइड विषारी असल्याने ही चाचणी प्रयोगशाळेतच करावी.

वायुशोषक पदार्थ कपाटाच्या तळाशी, सच्छिद्र फळीखालच्या कप्प्यात ठेवण्याची रीत आहे, म्हणजे ते दिसत नाहीत आणि मुख्य दार न उघडता बदलता येतात. कपाटाच्या एका कोपऱ्यात उजळलेल्या चांदीची छोटी पट्टी ठेवली तर ती पहारेकऱ्याचे काम करते. ती पिवळी पडली की शोषक संपला असे समजावे. प्रकाशाने चांदीचे विशेष बिघडत नाही, पण कपाटाच्या आत दिवा असेल तर तो तापतो, थंड होतो आणि प्रत्येक फेरीत बाहेरची हवा आत ओढली जाते. दिवे बाहेर असावेत.

धार्मिक वस्तू सहसा एकट्या चांदीच्या नसतात, हा खरा पेच. लाकडी गाभ्यावर चढवलेला पत्रा, हस्तिदंती मूठ, रेशमी झालर, मीनाकारी, आत भरलेली लाख किंवा राळ असे काहीतरी बरोबर असतेच. चांदीला हवी तितकी कोरडी हवा दिली तर लाकूड आणि हस्तिदंत तडकतात. अशा वस्तूंसाठी आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवतात आणि उरलेली कसर वायुशोषकाने भरून काढतात. आर्द्रतेतला चढउतार हा थोड्याशा जादा आर्द्रतेपेक्षा अधिक घातक ठरतो.

संरक्षक लेप

कपाट शक्य नसेल तिथे लेप देतात. सेल्युलोज नायट्रेट किंवा ॲक्रिलिकचे पारदर्शक लॅकर नीट बसले तर वर्षानुवर्षे टिकते. नीट बसणे मात्र अवघड. नक्षीच्या खाचांत, कडांवर जिथे थर विरळ राहतो तिथून काळेपणा शिरतो आणि शेवटी वस्तू ठिपक्याठिपक्यांनी विद्रूप होते, ती एकसारखी काळी पडली असती तर बरी दिसली असती इतकी. मग सगळा लेप विद्रावकाने उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले रेनेसान्स वॅक्स हे सूक्ष्मस्फटिकी मेण लावायला सोपे आहे, पण त्याची आड लॅकरपेक्षा कच्ची असते. २०१० नंतरच्या दशकात बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयाने मेरिलँड विद्यापीठाबरोबर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय पातळ, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे, एकेका अणुथराने वाढवत नेलेले लेप चांदीवर तपासले. असा थर खाचाखोचांतही सारखा बसतो.

अन्नपाण्याशी संबंध येणाऱ्या भागाला लॅकर देत नाहीत. चषकांच्या आतल्या बाजूला सोन्याचा मुलामा असतो तो आम्लयुक्त पेयापासून चांदीला वाचवण्यासाठीच. शोभा ही त्याची दुसरी बाजू.

वापरातल्या वस्तू आणि स्वच्छता

रोजच्या उपासनेतली चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा पुष्कळदा उजळ दिसते. रोज धुतली-पुसली गेल्याने तिच्यावर थर जमायला वेळच मिळत नाही. अट एवढीच की वापरानंतर तेल, काजळी, अन्नाचे कण, मीठ त्याच दिवशी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने काढून वस्तू मऊ कापडाने पूर्ण कोरडी करावी. अंड्याचा अंश लागला तर विलंब करू नये. त्यात गंधक असते. ओघळून घट्ट झालेले मेण चाकूने खरवडू नये, कोमट पाण्याने मऊ करून काढावे. पण आत लाख किंवा राळ भरलेली समई अथवा मेणबत्तीदाणी गरम पाण्यात बुडवली तर भरण सैल होते. ती बाहेरूनच पुसावी.

थर जमलाच तर अवक्षेपित खडूची, म्हणजे द्रावणातून साका म्हणून मिळवलेल्या खडूची, अतिशय बारीक पूड शुद्ध पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये कालवून कापसाने हलकेच फिरवणे ही सर्वांत सौम्य रीत मानतात. टूथपेस्ट आणि राख यांचे कण खरखरीत, त्यांनी ओरखडे येतात. लिंबू-चिंचेचा आंबटपणा तांब्या-पितळेवरच्या ऑक्साइडला विरघळवतो, सिल्व्हर सल्फाइडला नाही. तांब्याच्या भांड्याचा अनुभव चांदीला लावण्यात गफलत होते ती इथे.

ॲल्युमिनियमची पन्नी आणि खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिच्यात ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते आणि सल्फाइडची पुन्हा चांदी होते. ऐकायला हे आदर्श वाटते, पण परत आलेली चांदी सच्छिद्र, पांढुरकी असते आणि लवकर पुन्हा काळी पडते. थायोयुरियाच्या द्रवात बुडवण्याचाही असाच तोटा: द्रव खाचांत राहतो आणि त्यातले गंधक पुढच्या काळेपणाची सोय करून ठेवते.

या दोन्ही पद्धती काही वस्तूंवर कधीच वापरू नयेत. निएलो या तंत्रात कोरलेल्या रेघांत चांदी, तांबे आणि शिसे यांचे काळे सल्फाइडच भरलेले असते. नक्षीचा आणि अक्षरांचा काळा रंग तो हाच. अनेक मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्या आणि केसांच्या बटा उठून दिसाव्यात म्हणून कारागिराने खोलगट भाग मुद्दाम काळे केलेले असतात. असा काळेपणा मागाहून आलेल्या थरापेक्षा वेगळा ओळखता येत नसेल, तर फक्त उंचवट्यांवरून कापड फिरवावे आणि खाचा जशाच्या तशा सोडाव्यात.