शर्यत पोहणारे आणि खाडी ओलांडणारे

‘मॅरेथॉन स्विमिंग’ या एकाच नावाखाली दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी खपतात. एक म्हणजे २००८ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली १० किलोमीटरची शर्यत. दुसरी म्हणजे इंग्लिश खाडीसारखा समुद्राचा पट्टा एकट्याने पोहून पार करणं. दोन्हींत तलावाची भिंत नाही, तळाशी काळी रेघ नाही, नुसते हात मारत राहायचं. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं, दुसरी म्हणजे पहिलीच, फक्त जास्त लांब. हा समज धरून बसलं, तर माणसं तासन्‌तास समुद्रात का राहतात याचं उत्तर हमखास चुकतं.

आधी शर्यत. वीस-पंचवीस जण एकदम सूर मारतात आणि पुरुषांची शर्यत साधारण दोन तासांच्या आत आटोपतेही. पुढच्याच्या पायांमागे चिकटून पोहलं की पाण्याचा रोध कमी लागतो, ताकद वाचते. म्हणून पहिल्यापासून आघाडी घ्यायला सहसा कुणी उत्सुक नसतं. कुणाच्या मागे राहायचं, कधी सुटायचं, खाण्याच्या तराफ्यापाशी थांबायचं की तेवढ्यात पुढे निसटायचं, सगळा खेळ या हिशेबांचा. वळणावरच्या बोयापाशी कोपरं आणि लाथा लागतातच. फार झालं तर पंच पिवळं किंवा लाल कार्ड दाखवतात. उसामा मेलुली २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तलावातल्या १५०० मीटरमध्ये तिसरा आला आणि त्याच स्पर्धेत १० किलोमीटरचं सुवर्ण जिंकून गेला. तलावातला वेग इथे कामी येतो तो असा.

शर्यतीचे नियम पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: समुद्राचा लहरीपणा जमेल तितका बाहेर ठेवायचा. पाणी १६ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ३१ च्या वर असेल तर शर्यत होत नाही. १८ च्या खाली वेटसूट, म्हणजे ऊब टिकवणारा रबरी पोशाख, सक्तीचा. वरची मर्यादा उगाच आलेली नाही. २०१० मध्ये फुजैराच्या शर्यतीत, फार तापलेल्या पाण्यात फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकी जलतरणपटू दगावला, त्यानंतर ती आली. शर्यत पुरी होईल हे जवळपास धरलेलं असतं. ठरायचा असतो तो क्रमांक.

खाडीत नेमकं उलट. तिथे क्रमांक नाही आणि पलीकडे पोहोचण्याची शाश्वतीही नाही. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल आणि अंगाला चोपडलेलं ग्रीस, एवढंच चालतं. वेटसूट नाही. सोबतच्या होडीला हात लावला की संपलं. खाणं-पिणं दोरीने किंवा लांब काठीने पुढे केलं जातं. एका किनाऱ्याच्या कोरड्या जमिनीवरून निघायचं आणि पलीकडे स्वतःच्या पायांनी पाण्याबाहेर यायचं. कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ मध्ये डोव्हरहून कॅलेला २१ तास ४५ मिनिटांत पोहोचला, आणि आजचे नियम त्याच्या चालीवरच आहेत. ऊब देणारं कापड हाताशी असताना ते मुद्दाम नाकारायचं, हे बाहेरच्याला हटवादीपणाचं वाटेल. मला वाटतं, या सगळ्या वेडाचं मूळ तिथेच आहे: वेबला भेटला तोच समुद्र आपल्याला हवा.

आणि तो समुद्र सरळ जाऊ देत नाही. डोव्हरपासून समोरचा किनारा सुमारे ३३ किलोमीटर, पण प्रवाह साधारण सहा-सहा तासांनी दिशा बदलतात, त्यामुळे नकाशावरची रेघ नागमोडी उमटते. शेवटी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ‘ग्री-ने’ (Gris-Nez) या भूशिराशी पोहोचण्याची नेमकी वेळ हुकली, तर समोर दिसणारा किनारा तासन्‌तास जवळ येत नाही. म्हणून बहुतेकांना भांगाच्या भरतीचे दिवस हवे असतात, जेव्हा प्रवाह त्यातल्या त्यात सौम्य असतात. होडीवाल्याकडे नंबर लावायचा आणि मग हवामानाची वाट पाहत बसायचं. काही जण पाण्याला पाय न लावता घरी परततात.

आंद्रेआस वाशबुर्गर हा लंडन ऑलिंपिकच्या १० किलोमीटरमध्ये उतरलेला जर्मन पोहणारा. २०२३ मध्ये त्याने ही खाडी ६ तास ४५ मिनिटांत पार केली. २०१० मध्ये ५६ वर्षांच्या जॅकी कोबेल यांना २८ तास ४४ मिनिटं लागली. दोघांची नावं एकाच यादीत आहेत. कोबेल यांच्या वाट्याला तर प्रवाहाचे पालटही चौपट आले, म्हणजे कष्टाचं माप लावलं तर ‘मंद’ हा शब्दच अडचणीत येतो. पन्नाशीतली, मध्यम वेगाची माणसं शर्यतीपेक्षा इकडे वळतात ती यामुळे. बायकाही इथे पहिल्यापासून मागे नव्हत्या: १९२६ मध्ये गर्ट्रूड एडरली खाडी पोहून जाणारी पहिली बाई ठरली, तेव्हा तोवरच्या सर्वात वेगवान पुरुषापेक्षा तिने जवळपास दोन तास कमी घेतले. सारा थॉमस २०१९ मध्ये, कॅन्सरच्या उपचारांनंतर, हीच खाडी न थांबता चारदा पोहली. ५४ तासांहून जास्त.

‘पाण्यात शांत वाटतं’ हे कारण नेहमी ऐकू येतं. थोडं खरंही आहे: श्वास, हात, श्वास, आणि कुणी हाक मारू शकत नाही. पण खारट पाण्याने सुजलेली जीभ, उलट्या, जेलीफिशचे डंख यांत शांतता कितीशी उरते? टिकणारं कारण मला वेगळं दिसतं. सगळी तयारी नीट केली तरी निकाल आपल्या हातात येत नाही, आणि नेमकं तेच या माणसांना खेचतं. किती अंतर उरलं हे ती बऱ्याचदा विचारतही नाहीत. पुढच्या घोटापर्यंतचा अर्धा तास, बस.

थंडीचाही अर्थ दोन्हींकडे निराळा. पाणी शरीरातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. शर्यतीत ती आयोजकांनी सांभाळायची जोखीम. खाडीत ती प्रवेशपरीक्षा, कारण १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला आधी द्यावा लागतो.

पुराव्याचंही तसंच. शर्यतीत शेवटच्या पाटीवर हात आपटला की वाद मिटला. खाडीत होडीवरच्या निरीक्षकाची वही हाच पुरावा. डायना नायड ६४ व्या वर्षी, २०१३ मध्ये, क्युबाहून फ्लोरिडाला सुमारे ५३ तासांत पोहोचल्या. पण नोंदी अपुऱ्या आणि नियमांबद्दल प्रश्न, यामुळे त्या पोहण्याला अधिकृत मान्यता मिळालेली नाही.