माजूफळ, हिराकस आणि वोबर्नचा हेर

काउंट रम्फर्ड हे नाव फिजिक्सच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात येऊन जातं. म्युनिकमध्ये तोफा कोरताना धातू इतका तापतो की भोवतीचं पाणी उकळायला लागतं, मग उष्णता हा पदार्थ कसा असेल, ती हालचालच असणार, असं १७९८ मध्ये मांडणारा तोच हा माणूस. पण तो मुळात अमेरिकन होता, खरं नाव बेंजामिन थॉम्पसन, आणि अमेरिकन क्रांतीत तो ब्रिटिशांसाठी हेरगिरी करत होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जन्म १७५३ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावातला. शेजारचा लोआमी बाल्डविन त्याचा जिगरी दोस्त, दोघं पायी हार्वर्डला जाऊन प्रोफेसर विन्थ्रॉपची लेक्चर्स ऐकायचे आणि घरी येऊन प्रयोग करत बसायचे. १९ व्या वर्षी थॉम्पसनने न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्डच्या एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं, ती वयाने बरीच मोठी, सारा तिचं नाव, आणि त्या नव्या ओळखीतून तिथल्या गव्हर्नर वेंटवर्थने या पोराला थेट मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, मेजरच करून टाकलं. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या लोकांचा जळफळाट होणारच. त्यात पळून आलेले ब्रिटिश शिपाई तो गुपचूप बॉस्टनला, त्यांच्या ब्रिटिश फौजेकडे, परत पाठवतो असा बोभाटा झाला, आणि १७७४ च्या शेवटी जमाव दारात यायच्या आत साहेब पसार. मागे बायको आणि तान्ही मुलगी.

१९ एप्रिल १७७५ ला ब्रिटिश फौज आणि क्रांतिकारक यांच्यात लेक्सिंग्टन-काँकर्डची चकमक झाली (हे काँकर्ड मॅसॅच्युसेट्समधलं, सासरचं नव्हे), त्यात बाल्डविन क्रांतिकारकांकडून लढला. आणि ६ मेला वोबर्नहून, जिथे थॉम्पसन आता परतला होता, बॉस्टनला एक पत्र गेलं. वरवर चार साध्या ओळी, बाकी कागद कोरा. त्या कोऱ्या जागेत बंडखोरांच्या फौजेची आणि बेतांची माहिती होती!

आता यातली केमिस्ट्री बघा, कारण ती फारच साधी आहे. त्या काळची नेहमीची काळी शाई म्हणजे माजूफळाचा (ओकच्या झाडावर येणारी गाठ) अर्क आणि हिराकस (लोहाचा क्षार). माजूफळात टॅनिन असतं, हिराकसात लोह, दोन्ही एकत्र आले आणि हवा लागली की काळा रंग तयार होतो, लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना तोच प्रकार. थॉम्पसनने फक्त माजूफळाच्या पाण्याने लिहिलं, वाळल्यावर ते जवळजवळ दिसेनासं होतं, आणि पलीकडच्या माणसाने त्यावर हिराकसाचं पाणी फिरवलं की अक्षरं उमटली. लिंबाच्या रसाने लिहिलं तर कोणीही कागद शेकून वाचेल, इथे नुसत्या शेकण्यावर भागत नाही, हिराकसच लागतो. शिवाय झडती झाली तरी घरात सापडणार काय, तर शाईचं सामान, जे सगळ्यांकडेच असायचं.

गंमत पुढे आहे. त्याच महिन्यात वोबर्नच्या लोकांनी त्याला संशयावरून धरलं, चौकशी झाली, बाल्डविन मित्राच्या पाठीशी उभा राहिला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याविरुद्ध याचं काही दिसत नाही असा निर्वाळा मिळाला. त्याने वॉशिंग्टनच्या फौजेतही जागा मागितली होती म्हणे, पण न्यू हॅम्पशायरच्या अधिकाऱ्यांनी मोडता घातला. म्हणून मला तरी हा राजनिष्ठेचा मामला वाटत नाही, ज्याने मोठं पद दिलं त्याचा हा माणूस. तत्त्वासाठी घरदार सोडलेले राजनिष्ठ खूप होते, त्यांच्या रांगेत याला बसवणं बरोबर नाही.

ऑक्टोबर १७७५ मध्ये तो जो गेला तो साराला परत कधी भेटलाच नाही, ती १७९२ मध्ये वारली. त्याच सुमारास बव्हेरियाने त्याला काउंट केलं आणि त्याने किताबासाठी निवडलेलं रम्फर्ड हे नाव कुठलं, तर तिच्या काँकर्डचंच जुनं नाव! मुलगी १७९६ मध्ये लंडनला आली तेव्हा बापलेकीची खरी ओळख झाली. त्याच वर्षी त्याने अमेरिकन अकॅडमी या विद्वानांच्या संस्थेला ५ हजार डॉलर दिले, रम्फर्ड पदकासाठी, आणि १७९९ मध्ये तर अमेरिकन सरकारने त्याला होऊ घातलेल्या लष्करी अकॅडमीचा प्रमुख व्हायला बोलावलं. वोबर्नचं ते पत्र तोवर बॉस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेज याच्या कागदांत पडून होतं, ते अभ्यासकांच्या हाती लागलं विसाव्या शतकात, आणि अक्षराची तुलना करून लिहिणारा ओळखला गेला.