एक ग्रॅम लोहातून तांबे किती मिळेल?

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात लोहकीस टाकला की लोह द्रावणात उतरते आणि त्याच्या जागी लालसर तांबे बाहेर पडते. किती तांबे पडेल, हे प्रयोगाआधीच सांगता येते. मात्र ग्रॅमला ग्रॅम लावून ते जमत नाही. अभिक्रियेत अणू ठरावीक संख्येने भाग घेतात, म्हणून आधी वजनाचे मोल करावे लागतात. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. लोहाचे एवढे अणू ५५.८५ ग्रॅम भरतात, तांब्याचे ६३.५५ ग्रॅम.

लोह + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

हे समीकरण संतुलित आहे. लोहाच्या एका अणूमागे तांब्याचा एक अणू. १.०० ग्रॅम लोह घेतले तर १.०० ÷ ५५.८५ = ०.०१७९ मोल. तांबेही तितकेच मोल, म्हणजे ०.०१७९ × ६३.५५ = १.१४ ग्रॅम.

पण लोहाची संयुजा, म्हणजे संयुग बनताना एक अणू किती इलेक्ट्रॉन देतो ती संख्या, दोनही असते (फेरस) आणि तीनही (फेरिक). फेरिक सल्फेट तयार झाले असते तर लोहाच्या दोन अणूंमागे तांब्याचे तीन अणू पडले असते, म्हणजे १.७१ ग्रॅम. प्रयोगात १.१४च्या आसपासच मिळते, कारण फेरिक आयन (विद्युतभारित अणू) धातुरूप तांब्यासमोर टिकत नाही. तांब्याला विरघळवून तो स्वतः फेरस होतो. सर्किट बोर्डावरचे तांबे फेरिक क्लोराइडने विरघळवून काढतात ते याच गुणामुळे. तेव्हा आकडेमोडीला हात घालण्याआधी कोणते संयुग तयार होते ते पक्के करा. हायड्रोक्लोरिक आम्लात १ ग्रॅम लोहापासून २.२७ ग्रॅम फेरस क्लोराइड मिळते. क्लोरीन वायूत तापवले तर २.९० ग्रॅम फेरिक क्लोराइड.

आता मोरचूद किती घ्यायचे? सर्वाधिक चुका इथेच होतात. निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात, त्यामुळे एक मोल २४९.७ ग्रॅम भरतो. निर्जल पांढऱ्या भुकटीचा मोल १५९.६ ग्रॅमचा. लोहाला पुरेसे व्हायला ०.०१७९ × २४९.७ = ४.४७ ग्रॅम स्फटिक लागतात. प्रत्यक्षात ८ ग्रॅम घ्या, ५० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, लोहकीस थोडा थोडा टाकत ढवळा. शेवटी द्रावण निळे राहिले पाहिजे.

समजा चुकून १५९.६ धरले आणि २.८६ ग्रॅमच स्फटिक घेतले. त्यात तांबे फक्त ०.०११५ मोल. ते ०.७३ ग्रॅम तांबे देऊन संपते आणि ०.३६ ग्रॅम लोह तसेच राहते. दोन्ही मिळून तळाशी १.०९ ग्रॅम! अपेक्षित १.१४च्या इतके जवळ की प्रयोग साधला असे वाटावे. लोह आणि तांब्याची अणुवस्तुमाने जवळजवळ असल्यामुळे नुसता तराजू इथे फसवतो. गंजका कीसही असाच: दहा टक्के गंज असेल तर ०.९० ग्रॅम लोहाचे १.०२ ग्रॅम तांबे होते, आणि न विरघळलेला गंज त्यात मिसळून आकडा पुन्हा १.१२च्या घरात नेतो. म्हणून कीस स्वच्छ, तेलविरहित असावा, आणि वाळलेल्या साक्यावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवून पाहावे. कण चिकटले तर लोह शिल्लक आहे.

साका गाळून लगेच पाण्याने दोन-तीनदा धुवा. द्रावण उघड्यावर पडून राहिले तर फेरस सल्फेट हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी होते आणि तो गाळ तांब्यावर बसतो. शेवटचे धुणे अॅसिटोनने केले तर तांबे लवकर वाळते. जवळ ज्योत नको. घाईने जोरात तापवलेले तांबे काळे पडते. तो ऑक्साइड असतो आणि त्यातल्या ऑक्सिजनचे वजन तराजूत येते. सलग दोन वजने सारखी भरेपर्यंत मंद आचेवर वाळवत राहा, आणि उरलेले निळे द्रावण मोरीत ओतू नका. पाण्यातल्या जीवांना ते विषारी असते.