हिवाळ्यातला गेलिक फुटबॉल : अल्स्टरच्या कुमार क्लब स्पर्धेची पार्श्वभूमी

गेलिक फुटबॉल हा हात आणि पाय दोन्ही वापरून खेळला जाणारा आयर्लंडचा देशी खेळ. उत्तर आयर्लंडमधल्या पश्चिम बेलफास्टमध्ये शॉज रोडवर सेंट पॉल्स या गेलिक क्लबचे मैदान आहे. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातल्या नऊ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) कुमार गटाचे विजेतेपद मिळवणाऱ्या क्लबांची स्पर्धा हा क्लब १९८०च्या दशकापासून भरवत आला असून तिचा अंतिम सामना परंपरेने १ जानेवारीला होतो. कुमार गटाला तिकडे ‘मायनर’ म्हणतात. बेलफास्टमध्ये त्या दिवशी सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजून गेले की मावळतो. पाऊस, बर्फासारखा वारा आणि बुटांच्या खिळ्यांनी उखणलेली माती यांत सतरा-अठरा वर्षांची मुले साधारण १४० मीटर लांबीच्या मैदानावर धावत असतात आणि गोलखांबांपाशी पांढरे डगले घातलेले पंच हातात दोन निशाणे धरून उभे असतात, गोलसाठी हिरवे आणि गुणासाठी पांढरे. मुळात उन्हाळी असलेला हा खेळ वर्षातल्या इतक्या गैरसोयीच्या दिवशी का खेळला जातो, याचे उत्तर हवामानात मिळत नाही, ते संघटनेच्या इतिहासात शोधावे लागते.

गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्लस गावी हेज हॉटेलात झाली. मायकेल क्युसॅक हे तिचे प्रवर्तक आणि मॉरिस डेव्हिन हे पहिले अध्यक्ष होते, तर कॅशेलचे आर्चबिशप क्रोक यांनी आश्रयदातेपद स्वीकारले. त्या काळात आयर्लंडमधल्या मैदानी शर्यतींवर जमीनदार आणि सुशिक्षित शहरी वर्गाची पकड होती. मजूर आणि शेतकरी यांना त्या शर्यतींत सहज प्रवेश नव्हता, आणि आठवड्यातून त्यांना मोकळा मिळणारा दिवस एकच, रविवार. नव्या संघटनेने खेळ रविवारी ठेवले आणि संघाचा पाया पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, हा धरला. आपल्याकडे कबड्डीचा संघ गावाच्या किंवा आळीच्या नावाने ओळखला जावा, तसाच हा प्रकार होता. कोणत्या क्लबकडून खेळायचे हे खेळाडू फारसे ठरवत नाही, तो कुठे जन्मला यावरच ते बहुतेक ठरलेले असते. या एका निर्णयाने पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे क्लबांना मनुष्यबळ पुरवले.

फुटबॉलचे पहिले नियम १८८५ मध्ये तयार झाले आणि पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ची. तिचा अंतिम सामना मात्र पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झाला आणि लिमेरिकच्या कमर्शियल्स क्लबने तो जिंकला. त्या काळी काउंटीचे प्रतिनिधित्व तिचा विजेता क्लबच करत असे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे ते बदलले आणि त्या बदलातूनच आजच्या वेळापत्रकाची गुंतागुंत निर्माण झाली. सुरुवातीला एका बाजूला एकवीस खेळाडू असत. १८९२ मध्ये ते सतरा झाले आणि १९१३ मध्ये पंधरा. गोलची किंमतही बदलत गेली. आरंभी एक गोल कितीही गुणांपेक्षा मोठा मानला जाई, १८९२ मध्ये तो पाच गुणांचा झाला आणि १८९६ मध्ये तीन गुणांचा. आडव्या दांड्याखालून गेला तर गोल आणि वरून गेला तर एक गुण, म्हणून गुणफलक ‘२-१०’ असा वाचतात, म्हणजे दोन गोल आणि दहा गुण, मिळून सोळा.

विजेत्या क्लबऐवजी अनेक क्लबांतून निवडलेला काउंटी संघ उतरू लागल्यावर उन्हाळा काउंटीचा झाला. प्रांतीय स्पर्धा, मग उपांत्य फेरी आणि सप्टेंबरमधल्या एका रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड अंतिम सामना, असा क्रम अनेक दशके चालला. प्रेक्षक, तिकिटे आणि पुढे दूरचित्रवाणी, हे सारे तिकडे गेले. क्लबचे खेळाडू काउंटीच्या सरावात अडकलेले असत, त्यामुळे काउंटीअंतर्गत क्लब स्पर्धा पुढे ढकलल्या जात, आणि ज्या क्लबात खेळाडू घडतो त्यालाच पावसाळी ऑक्टोबर किंवा त्यानंतरची तारीख मिळे. या खेळात कोणालाही मानधन नसताना हा अन्याय जास्त खुपतो, असे माझे मत आहे. क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा अधिकृतपणे १९७०-७१ च्या हंगामात सुरू झाली, म्हणजे काउंटीच्या स्पर्धेनंतर तब्बल त्र्याऐंशी वर्षांनी. पुढे तिचा अंतिम सामना १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, होऊ लागला आणि दीर्घकाळ त्याच तारखेला राहिला. वरिष्ठ क्लब खेळाडूंना अशा रीतीने निदान हिवाळ्याचा एक हक्काचा कोपरा मिळाला.

मुलांच्या बाबतीतही काउंटी पुढे आणि क्लब मागे, हाच क्रम होता. काउंटी पातळीवरची मायनर फुटबॉल स्पर्धा १९२९ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षी क्लेअरने ती जिंकली. तिचा अंतिम सामना क्रोक पार्कवर वरिष्ठांच्या अंतिम सामन्याआधी त्याच दिवशी खेळवण्याची प्रथा पडल्याने निवडक मुलांना हजारो प्रेक्षक मिळाले. शाळांची स्वतंत्र स्पर्धाही होती. अल्स्टरमधल्या माध्यमिक शाळांचा मॅकरोरी कप हिवाळाभर चाले आणि दीर्घकाळ मार्चमध्ये संपे. पण जो मुलगा ना काउंटी संघात, ना नामांकित शाळेत, त्याचा हंगाम काउंटीअंतर्गत क्लब स्पर्धेबरोबर शरदातच संपून जाई. त्याच्या क्लबने काउंटी जिंकली तरी पुढे जायला पायरी नव्हती. बेलफास्टच्या एका क्लबने ती पायरी बांधली.

ती बेलफास्टमध्ये बांधली गेली, याला वेगळा अर्थ आहे. अल्स्टरच्या नऊ काउंट्यांपैकी अँट्रिम, आर्मा, डेरी, डाउन, फर्मना आणि टिरोन या सहा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश अमलाखाली आहेत, तर कॅव्हन, डोनेगल आणि मोनाहन या तीन आयरिश प्रजासत्ताकात. १९२१ नंतर राजकीय सीमा प्रांताच्या मधून गेली, पण १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अल्स्टर कौन्सिलने ती कधी मानली नाही आणि नऊही काउंट्या एकाच प्रांतात खेळत राहिल्या. उत्तरेत हा खेळ कॅथलिक, राष्ट्रवादी, म्हणजे एकसंध आयर्लंड हवा असणाऱ्या समाजाचा म्हणून ओळखला जाई. प्रोटेस्टंट युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या समाजाला त्यातले रविवारचे खेळणेही खटकत असे. बेलफास्टच्या सार्वजनिक बागांत मुलांचे झोपाळे रविवारी साखळीने बांधून ठेवले जात, तेही १९६०च्या दशकापर्यंत. अशा शहरात रविवारी भरणारा गेलिक सामना हा नुसता खेळ राहत नसे.

१९६० च्या दशकाअखेर या दोन समाजांतल्या तेढीतून हिंसाचार सुरू झाला आणि पुढची तीसएक वर्षे मैदानेही त्यात ओढली गेली. १९५३ मध्ये उघडलेले बेलफास्टचे केसमेंट पार्क १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होते. आर्मा काउंटीत सीमेलगत असलेल्या क्रॉसमॅग्लेनच्या मैदानाशेजारी लष्कराचा तळ होता, मैदानाच्या काही भागाचा ताबाही लष्कराकडे होता आणि डोक्यावर हेलिकॉप्टरे घिरट्या घालत असताना सामने होत. २१ फेब्रुवारी १९८८ रोजी एडन मॅकॅनस्पी हा तेवीस वर्षांचा तरुण सामन्यासाठी मैदानाकडे निघाला असताना ऑक्नाक्लॉयच्या सीमा नाक्यावर सैनिकाच्या गोळीने मारला गेला. त्या माजी सैनिकाला सदोष मनुष्यवधाबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आले. त्या वर्षांत डोनेगलच्या पश्चिम किनाऱ्यावरून पंधरा-सोळा मुलांची बस नाक्यांवर तपासण्या देत तीन-चार तासांनी बेलफास्टला पोहोचवणे, हे प्रशिक्षकांसाठी खेळाच्या तयारीइतकेच मोठे काम असणार. तरीही नऊ काउंट्यांच्या मुलांना एकत्र आणणारी स्पर्धा याच शहरात, याच काळात रुजली.

नऊ संघ असल्यामुळे आखणीतही एक गोष्ट आपोआप ठरते. एक प्राथमिक सामना, चार उपउपांत्य, दोन उपांत्य आणि एक अंतिम, मिळून आठ सामने. काउंटी स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबतात, त्यानंतर चार मोकळे रविवार किंवा सुट्ट्या शोधायच्या तर नोव्हेंबरअखेरपासून नाताळपर्यंत जावेच लागते. नाताळचा आठवडा घरच्यांचा. पुढे उरतो नववर्षाचा पहिला दिवस, जेव्हा शाळा बंद, कामावर सुट्टी आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमांना कंटाळलेली घरे. गावातून बस निघते, वडील-काका-आजोबा आपापल्या मोटारींनी मागोमाग येतात, आणि चहाच्या टपरीपुढची रांग मध्यंतरात गोलखांबापर्यंत पोहोचते. सोयीची नसलेली तारीख अशा रीतीने सणाची झाली. माझ्या मते आणखी एक कारण होते. १९७१ पर्यंत गेलिक संघटनेने आपल्या सदस्यांना सॉकर, रग्बी, क्रिकेट आणि हॉकी खेळण्यास मनाई केलेली होती. त्या वर्षी बेलफास्टच्याच अधिवेशनात ती उठली. हिवाळा हा आयर्लंडमध्ये सॉकर आणि रग्बीचा मोसम. बंदी गेल्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शनिवारी सॉकर खुला झाला, आणि क्लबला त्याला थंडीतही आपल्या जर्सीत ठेवायचे तर काहीतरी खेळायला देणे भाग होते.

या स्पर्धेचा पुढे काय उपयोग होतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण डेरी काउंटीतल्या माहरा गावच्या ग्लेन क्लबचे आहे. क्लबचे पूर्ण नाव वॉटी ग्रॅहम्स, १७९८ च्या ब्रिटिशविरोधी बंडात फाशी गेलेल्या, ‘युनायटेड आयरिशमेन’ या बंडखोर संघटनेच्या स्थानिक सदस्यावरून ठेवलेले. वरिष्ठ गटात या क्लबने काउंटीचे विजेतेपद २०२१ पर्यंत एकदाही मिळवले नव्हते. पण २०११ ते २०१४ या सलग चार हंगामांत त्यांच्या कुमारांनी अल्स्टर क्लब स्पर्धा जिंकली. तीच पोरे पुढे वरिष्ठ संघाचा कणा झाली. त्यांच्यातला कॉनर ग्लास मधल्या काळात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला मेलबर्नला हॉथॉर्न क्लबकडे गेला, परतला आणि पुढे डेरी काउंटी संघाचा कर्णधारही झाला. २०२२ मध्ये त्यांनी अल्स्टरचे वरिष्ठ विजेतेपद पहिल्यांदा मिळवले, जानेवारी २०२३ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात किलमकड क्रोक्सकडून हरले, आणि त्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांचे पंधरापेक्षा जास्त खेळाडू मैदानात असल्याने वाद उभा राहिला. फेरसामन्याचा निर्णय झाला, विरोधात अपील झाले, आणि ग्लेनने प्रकरण पुढे न नेण्याचे ठरवले. वर्षभराने, जानेवारी २०२४ मध्ये, त्यांनी रॉसकॉमनच्या सेंट ब्रिजिड्सला २-१० विरुद्ध १-१२, म्हणजे एका गुणाने हरवून तेच विजेतेपद मिळवले. कुमार गटातले विजेतेपद आणि हे यश यांत दशक गेले, पण नावे बरीचशी तीच होती.

वेळापत्रक आता बदलले आहे. २०२२ पासून वर्षाचे दोन भाग पाडले गेले आहेत. काउंटीचे अखिल आयर्लंड सामने जुलैतच संपतात आणि नंतरचे महिने क्लबांचे असतात. वरिष्ठ क्लबांचा अंतिम सामना जानेवारीत आला. काउंटी पातळीवर मायनरची वयोमर्यादाही २०१८ पासून अठराखालून सतराखाली आणली गेली आणि क्लबांमध्ये कोणते वय कोणत्या गटात बसवावे यावर वाद चालूच राहिले. नियम खेळाचेही बदलत आहेत. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांड्यावरून मारलेल्या चेंडूला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले.

जुन्या अठराखालच्या नियमात तारखेचा एक गमतीदार परिणाम मात्र दडलेला होता. वयाची गणना हंगामाच्या वर्षातील १ जानेवारीला होत असे. त्या दिवशी अठरा पूर्ण नसलेला मुलगा वर्षभर मायनर. मार्च १९९६ मध्ये जन्मलेला मुलगा १ जानेवारी २०१४ ला सतरा वर्षांचा होता, म्हणून संपूर्ण हंगाम खेळू शकला. त्या हंगामाचा अंतिम सामना १ जानेवारी २०१५ ला असेल, तर सामना सुरू होताना नव्या वर्षाच्या हिशोबाने तो मायनर राहिलेलाच नसतो. कुमार म्हणून त्याचा शेवटचा सामना तो कुमार नसलेल्या पहिल्या दिवशी खेळतो, आणि पुढच्या आठवड्यात क्लबच्या वरिष्ठ संघाच्या सरावाला, त्याच चिखलात, त्याला बोलावणे आलेले असते.