लातूरच्या क्षितिजावरचा तांबडा मेघ

तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगाचा, फोटो म्हटले की नवशिके मृग नक्षत्राकडे कॅमेरा वळवतात. ते सोपेही आहे. पण लातूर-धाराशिवकरांच्या वाट्याला त्याहून मोठा ऐवज आला आहे, दक्षिण क्षितिजालगतचा कॅरिना तेजोमेघ. लंडनहून तो कधीच दिसत नाही. दिल्लीत जेमतेम दोन अंश वर येतो, लातुरात बारा. लाकाय या फ्रेंच खगोलविदाने 1752 साली तो नोंदवला, तोही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन!

सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षांवरच्या या मेघात तरुण, अतितप्त तारे आहेत. त्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत येऊन पायरीपायरीने खाली उतरतो, आणि ऊर्जेच्या तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येताना 656.3 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतो. अंधारात आपला डोळा या लालीला जवळपास आंधळा, म्हणून दुर्बिणीतून नुसता करडा डाग दिसतो. कॅमेऱ्याचेही रडगाणे आहेच. सेन्सरसमोरची काच हा प्रकाश बहुतेक अडवते, साधारण पाव हिस्सा आत येतो. त्यामुळे हौशी मंडळी ती काच बदलून घेतात.

बारा अंशांवरचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, मग चित्र बिघडणार नाही का? बिघडते, पण हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि तांबडा त्यातून बराचसा निभावतो. आकाशगंगेच्या निळसर ताऱ्यांपेक्षा हा मेघ इथे फायद्यात राहतो.

शहराचा उजेड पाठीशी हवा. म्हणून लातूरकरांनी औसा-निलंग्याच्या बाजूला जावे आणि दक्षिणेला झाडे, उसाचा फड नसलेले रान निवडावे. त्रिशंकू या क्रूसासारख्या तारकासमूहाच्या उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या रुंदीहून थोडे पुढे मेघ सापडतो. दहा अंशांच्या वर तो पावणेतीन तासच असतो. मोठी दुर्बीण लागत नाही. 135 मिमीची लेन्स आणि ध्रुवताऱ्याशी जुळवलेला ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र, पुरे. मिनिटामिनिटाच्या शंभर फ्रेम 'सिरिल'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचल्या की फोटोतल्या दाणेदार खरखरीच्या तुलनेत मेघ एका फ्रेमपेक्षा दहापट उठून दिसतो. दोनशे घेतल्या तर चौदापट, म्हणजे मेहनत दुप्पट आणि लाभ दीडपटही नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मेघ रात्री साडेदहाला सर्वांत उंच असतो, पण तेव्हा आमच्याकडे धूळ आणि उकाडा. उष्णतेमुळे सेन्सरमध्ये आपोआप उमटणारा खोटा संकेत दर सहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो. लेन्सवर टोपी लावून तेवढ्याच वेळाच्या 'डार्क' फ्रेम घेतल्या, तर त्यातला काही भाग वजा करता येतो. माझे मत विचाराल तर जानेवारीच्या मध्याची अमावास्या पाहावी आणि मेघ सर्वांत उंच असतो तेव्हा, म्हणजे पहाटे साडेतीनला, रानात असावे. थंडी सोसावी लागेल, आणि दवासाठी लेन्सभोवती गरम पट्टी गुंडाळावी लागेल.