बोलणाऱ्या कुत्र्यांवर समीक्षक का भुंकले?

‘कॅट्स अँड डॉग्स : द रिव्हेंज ऑफ किटी गॅलोर’ हा चित्रपट ३० जुलै २०१० रोजी अमेरिकेत लागला आणि समीक्षकांनी तो अक्षरशः धुऊन काढला. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर त्याच्या बाजूने जेमतेम १३-१४ टक्के परीक्षणं आहेत. नऊ वर्षांपूर्वीच्या मूळ चित्रपटाला याच्या चौपट जणांनी बरं म्हटलं होतं. नवल आहे ते या घसरणीचं, कारण मूळ चित्रपटही काही अभिजात वगैरे नव्हता.

या घसरणीची मुळं शोधायला थेट १९९५ सालच्या ‘बेब’पर्यंत मागे जावं लागतं. त्या डुकराच्या पिल्लाला ऑस्करची सात नामांकनं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. दृश्य परिणामांचं ऑस्कर तर त्याने ‘अपोलो १३’च्या हातून काढून घेतलं. खऱ्या प्राण्याचं तोंड संगणकावर शब्दांबरहुकूम हलवायचं, ही तेव्हा जादूच होती. ती साधणाऱ्यांमध्ये ‘रिदम अँड ह्यूज’ ही कंपनी होती (पुढे तिने मुंबईतही स्टुडिओ थाटला). २००१च्या ‘कॅट्स अँड डॉग्स’मागेही हीच कंपनी. कुत्र्या-मांजरांचं गुप्त हेरयुद्ध ही कल्पना ताजी होती, तोंडं हलताना पाहायची हौस अजून फिटली नव्हती. सहा कोटी डॉलर घालून जगभरातून वीस कोटी आले.

मग नऊ वर्षं काहीच नाही. पहिला भाग पाहिलेली आठ वर्षांची पोरं आता सतरा वर्षांची झाली होती. मधल्या काळात बोलणारे प्राणी इतके बोकाळले की त्यांची नवलाई संपली. दोनच महिने आधी आलेल्या ‘मार्माड्यूक’मधला बोलका ग्रेट डेनही समीक्षकांचा मार खाऊन गेला होता.

दिग्दर्शक ब्रॅड पेटन यांनी हा भाग उघडउघड जेम्स बाँडचं विडंबन म्हणून बेतला. खलनायिका किटी गॅलोर ही बिनकेसांची मांजर. तिचं नाव ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातल्या पात्रावरून घेतलेलं, तिला आवाज बेट मिडलरचा. टॅब लॅझेनबी नावाचा बोका येतो. आडनाव एका बाँडचं, म्हणजे ती भूमिका केलेल्या जॉर्ज लॅझेनबीचं, आवाज दुसऱ्या बाँडचा, म्हणजे रॉजर मूरचा! शीर्षकगीत गायला तर ‘गोल्डफिंगर’वालीच शर्ली बॅसी. आता हे सगळं ओळखणारा प्रेक्षक पन्नाशीचा, आणि तिकीट कोणासाठी काढलेलं? मांडीवर पॉपकॉर्नचा डबा घेऊन बसलेल्या सहा वर्षांच्या पोरासाठी. मोठ्यांना विनोद कळले पण हसू आलं नाही, लहानांना ते कळलेच नाहीत. माझ्या मते चित्रपट फसला तो इथे. कुत्र्यांचा त्यात काही दोष नव्हता.

वर थ्रीडीचं खूळ. ‘अवतार’नंतर २०१०मध्ये जो तो चष्मे वाटत सुटला होता. त्या वर्षी सर्वांत वाईट चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांनी थ्रीडीच्या गैरवापरासाठी वेगळा गटच काढला. त्यात या चित्रपटाला नामांकन मिळालं, ‘विजयी’ मात्र ‘द लास्ट एअरबेंडर’ ठरला.

तरी स्टुडिओने फार मनावर घेतलं नसावं. समीक्षा आणि बालचित्रपटाचा गल्ला यांचा संबंध नसतो, हा धंद्यातला जुना समज. आदल्याच डिसेंबरात आलेल्या ‘अल्विन’ या बोलक्या खारींच्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाला शिव्या पडल्या आणि ४४ कोटी डॉलरही मिळाले. पण इथे समीक्षकांमागोमाग पालकांनीही पाठ फिरवली. पहिल्या शनिवार-रविवारी आलेल्या गर्दीपेक्षा चौथ्या आठवड्यातल्या ‘डेस्पिकेबल मी’ची गर्दी मोठी होती. ‘टॉय स्टोरी ३’ही त्याच उन्हाळ्यातला, तोही तब्बल अकरा वर्षांनी आलेला पुढचा भाग, आणि त्याचं सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. साडेआठ कोटींच्या खर्चावर किटीची जगभरची कमाई सव्वाअकरा कोटींच्या आसपास अडली. थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला की हा आतबट्ट्याचाच व्यवहार.

तिसरा भाग निघाला २०२०मध्ये, पण थेट घरच्या पडद्यासाठी.