ब्रॅडमनचे सात भोपळे

कसोटी क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमनपेक्षा सरस सरासरी असलेला एक सलामीचा फलंदाज होऊन गेला. वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम. फेब्रुवारी १९४८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला इंग्लंडविरुद्ध तो पहिल्यांदा कसोटी खेळला, ११२ धावा केल्या आणि नंतर त्याला पुन्हा कधीच कसोटी खेळायला मिळाली नाही. एक कसोटी, एक डाव, सरासरी ११२. ब्रॅडमनची ९९.९४.

तरीही गँटोमला ब्रॅडमनपेक्षा मोठा कोणी म्हणत नाही. एका डावावरून काही ठरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मग किती डावांवरून ठरतं? दहा? शंभर? सचिन तेंडुलकर कसोटीत ३२९ डाव खेळला, ते तरी पुरेत का? इथे सहजबुद्धी गप्प बसते आणि संख्याशास्त्राचं काम सुरू होतं.

१९४५ साली, महायुद्ध संपत असताना, लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जी. एच. वुड यांचा क्रिकेटच्या धावसंख्यांवर एक निबंध छापून आला. कल्पना अगदी साधी आहे. समजा, फलंदाज कितीही धावांवर असो, पुढची धाव काढण्याआधी बाद होण्याची त्याची शक्यता दर वेळी तेवढीच आहे. मग त्याच्या धावसंख्या भूमिती श्रेणीने उतरत जायला हव्यात: लहान डाव भरपूर, मोठे डाव कमी आणि फार मोठे अगदी मोजके. एकदा सरासरी कळली की बाकी सगळं गणिताने काढता येतं.

मी हे गणित सचिनवर करून पाहिलं. सरासरी ५३.७८, डाव ३२९. या श्रेणीनुसार त्याची ५२ शतकं व्हायला हवीत. झाली ५१. ब्रॅडमनच्या ८० डावांत २९ किंवा ३० शतकं यायला हवीत. आली २९. ज्या हिशेबाला फूटवर्क, खेळपट्टी, नवा चेंडू यातलं काहीच ठाऊक नाही, तो इतका जवळ जावा याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता तोच हिशेब शून्यासाठी लावू. ब्रॅडमनच्या सरासरीच्या फलंदाजाने ८० डावांत भोपळा न फोडता परतायचं ते फार तर एकदा. प्रत्यक्षात ब्रॅडमन सात वेळा शून्यावर बाद झाला. सचिनचे सहा भोपळे अपेक्षित होते, झाले १४. म्हणजे वुड यांचं गृहीतक शतकाच्या टोकाला टिकतं, सुरुवातीलाच मोडतं. बाद होण्याची शक्यता सगळीकडे सारखी नसते. जम बसेपर्यंत ती कितीतरी जास्त असते. पहिल्या काही चेंडूंवर ब्रॅडमनसुद्धा ब्रॅडमन नव्हता. ‘नवीन फलंदाज आलाय, क्षेत्ररक्षक जवळ लावा’ हे प्रत्येक कर्णधार अनुभवाने जाणतो. इथे ते आकड्यांत उघडं पडतं.

या श्रेणीचा आणखी एक गुण आहे आणि थोरवीच्या वादात तो फार कामाचा आहे. हिच्यात धावांचा चढउतार जवळजवळ सरासरीएवढाच असतो. ५० सरासरीच्या फलंदाजाचा एखादा डाव सरासरीपासून ५० धावांनी इकडेतिकडे गेला, तर त्यात विशेष काही नाही. याचं एक टोक म्हणजे आपण ज्याला ‘फॉर्म गेला’ म्हणतो ते. असा फलंदाज तीनशे डाव खेळला, तर लागोपाठ पाच डावांत विशीच्या आत बाद होण्याची पाळी निव्वळ योगायोगाने त्याच्यावर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. त्या पाच डावांनंतर त्याच्या तंत्रावर, वयावर, मनःस्थितीवर किती शाई सांडली जाते, ते आठवून पाहा. कधी खरंच तंत्र बिघडलेलं असतं. पण नाणं लागोपाठ पाच वेळा काट्यावर पडलं, म्हणून नाण्यात खोट आहे असं आपण म्हणत नाही.

दुसरं टोक सरासरीवर किती भरवसा ठेवायचा याचं. सरासरीला तो किती वेळा बाद झाला त्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं, की तिच्यातली अनिश्चितता ढोबळमानाने मिळते. सचिन २९६ वेळा बाद झाला, तेव्हा त्याचे ५३.७८ हे अधिक-उणे ३ धावांनी वाचायचे. राहुल द्रविड २५४ वेळा बाद झाला, सरासरी ५२.३१, तीही अधिक-उणे ३. दोघांमधला फरक दीड धावेचाही नाही. ‘दोघांत सरस कोण’ या प्रश्नाला सरासरीचं उत्तर एकच: मला सांगता येत नाही. दोघांची मिळून सुमारे चाळीस वर्षांची कारकीर्द, २९ हजारांहून जास्त धावा, आणि तरीही सांगता येत नाही. पुष्कळांना हे उत्तर पळपुटं वाटतं. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं. दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे छापता येतात, म्हणून त्यांना अर्थ असतोच असं नाही.

याच मापाने ब्रॅडमनला मोजू. तो फक्त ७० वेळा बाद झाला, त्यामुळे त्याची अनिश्चितता मोठी आहे, सुमारे १२ धावांची. नशिबाने त्याला भरभरून साथ दिली असं मानू आणि दुप्पट सूट कापून घेऊ. उरतात ७६. निदान वीस कसोटी खेळलेल्यांत ॲडम व्होजेस ६१.८७, ग्रेम पोलॉक ६०.९७, जॉर्ज हेडली ६०.८३, हर्बर्ट सटक्लिफ ६०.७३ ही नावं त्याच्यानंतर येतात. सगळी ७६ च्या खाली. जे माप सचिन-द्रविड वादात हात टेकतं, तेच इथे ठामपणे बोलतं.

अशी सूट कापणं हा काही कोतेपणा नाही. कोणत्याही यादीत वरच्या जागी पोचलेल्या माणसाच्या वाट्याला गुणांबरोबर थोडं नशीबही आलेलं असतं. १९७० च्या बेसबॉल हंगामात रॉबेर्तो क्लेमेंते पहिल्या ४५ प्रयत्नांत १८ वेळा यशस्वी फटका मारून गेला. सरासरी ०.४००. उरलेल्या हंगामात ती ०.३४६ झाली. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी त्याच्यासह १८ खेळाडूंचे त्या हंगामाच्या सुरुवातीचे आकडे घेतले आणि प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढला. उरलेल्या हंगामाचा अंदाज त्यामुळे पुष्कळ सुधारला. क्लेमेंते थोर होताच. फक्त त्या ४५ प्रयत्नांत तो दिसला तेवढा नव्हता.

वेगवेगळ्या काळांतल्या, किंवा वेगवेगळ्या खेळांतल्या खेळाडूंची तुलना करायची तर नुसती सरासरी पुरत नाही. पेलेचे गोल आणि ब्रॅडमनच्या धावा एका तराजूत कशा घालणार? त्यासाठी प्रत्येकाला त्याच्याच खेळातल्या बाकीच्यांशी ताडून पाहतात. बाकीचे सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्या पसाऱ्याला प्रमाण विचलन म्हणतात. मग हा खेळाडू अशी किती विचलनं पुढे आहे ते मोजायचं. चार्ल्स डेव्हिस या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने हा हिशेब केला. पेले ३.७, बेसबॉलचा टाय कॉब ३.६, गोल्फचा जॅक निक्लॉस ३.५, बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन ३.४. ब्रॅडमन ४.४.

या मोजमापावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि त्याचं मूळ एका जीवाश्मतज्ज्ञाच्या विचारात आहे. स्टीफन जे गूल्ड हा उत्क्रांतीचा अभ्यासक बेसबॉलचा निस्सीम चाहता होता. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने ०.४०६ ची सरासरी गाठली. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या बेसबॉलच्या दोन मुख्य लीगमध्ये पूर्ण हंगामात कोणीही ०.४०० ओलांडू शकलेलं नाही. जुन्या पिढीला यात ऱ्हास दिसायचा. गूल्डने सगळ्या खेळाडूंचा पसारा पाहिला. लीगची सरासरी दशकानुदशकं ०.२६० च्या आसपासच आहे, कारण तोल बिघडला की नियम बदलले जातात. १९६८ मध्ये चेंडू टाकणारे फारच वरचढ झाले, तेव्हा पुढच्याच वर्षी ते ज्यावर उभं राहून चेंडू टाकतात तो उंचवटा खाली आणला गेला. बदलला तो पसारा. तो आक्रसत गेला. कमकुवत खेळाडू गाळले गेले, प्रशिक्षण सुधारलं, सगळेच माणसाच्या क्षमतेच्या भिंतीजवळ सरकले आणि भिंतीजवळच्या गर्दीतून उठून दिसणं अवघड झालं. ०.४०० नाहीशी झाली ती खेळ सुधारल्यामुळे.

मग ब्रॅडमनचं वेगळेपण म्हणजे त्याचा काळ कच्चा होता एवढंच का? थोडासा वाटा त्याचा असू शकेल. पण त्याच काळात वॉली हॅमंड ५८.४५ वर होता आणि लेन हटन ५६.६७ वर. आजच्या अव्वल फलंदाजांचे आकडेही याच पट्ट्यात येतात. काळ कच्चा होता तर तो यांनाही होता. ब्रॅडमन एकटाच चाळीस धावा पुढे का, याचं उत्तर काळात सापडत नाही. १९३२-३३ मध्ये इंग्लंडने केवळ त्याला रोखण्यासाठी अंगावर मारा करण्याचं तंत्र आखलं आणि लारवुडसारखा वेगवान गोलंदाज त्याच्यावर सोडला. त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७ वर घसरली. घसरून तो जिथे आला, तिथे हटन आयुष्यभर होता.

सरासरीच्या हिशेबात मला एकच गोष्ट खटकते. तिला प्रत्येक धाव सारखी. बेसबॉलमध्ये आता प्रत्येक फटक्याआधी आणि नंतर संघाच्या विजयाची शक्यता किती होती ते काढतात आणि तो फरक खेळाडूच्या खात्यात घालतात. क्रिकेटमध्येही असे प्रयत्न होत आहेत. व्हायला हवेतच. मार्च २००१ मध्ये कोलकात्यात ऑस्ट्रेलियाच्या ४४५ धावांसमोर भारत १७१ वर कोसळला, फॉलोऑन मिळाला. सलग १६ कसोटी जिंकून आलेल्या त्या संघाविरुद्ध व्हीव्हीएस लक्ष्मणने २८१ धावा केल्या, द्रविडबरोबर ३७६ ची भागी रचली आणि भारत १७१ धावांनी जिंकला. लक्ष्मण कारकिर्दीत १९१ वेळा बाद झाला, सरासरी ४५.९७. तो डाव वगळला तर ती होते ४४.७४. त्याच्या आयुष्यभराच्या आकड्यात त्या २८१ धावांनी घातलेली भर १.२३.